यादीतून खोडलेली नावं

(एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोव्हेंबर २०११ मध्ये पोर्तो रिकोच्या सिनेटने नव्या दंडसंहितेचं विधेयक मंजूर केलं. दंडसंहिता म्हटली की शेकडो कलमं आली. खून, दरोडा, अपहार, लाचलुचपत, खोटी साक्ष. या सगळ्या गठ्ठ्यात एक छोटंसं कलम होतं. गुन्हा एखाद्या समूहाविषयीच्या द्वेषातून घडला असेल, तर शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने त्या हेतूची गंभीर दखल घ्यावी, असं ते सांगत होतं. असे समूह कोणते, याची त्यात यादी होती, आणि २००२ पासून त्या यादीत लैंगिक कल आणि लिंगओळख या दोन्ही गोष्टी होत्या. सिनेटने मंजूर केलेल्या मसुद्यातून त्या गेल्या. त्यांच्याबरोबर वांशिक मूळ आणि धर्मश्रद्धाही गेल्या. राजकीय मतं, वय आणि अपंगत्व मात्र जागच्या जागी राहिलं.

आज मी या एका खाडाखोडीबद्दल बोलणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली. कायद्यातला एखादा शब्द कमी झाला की कोणाच्या अंगावर काय येतं, हे त्यांना पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर कळलेलं होतं. म्हणून त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर हा विषय मला योग्य वाटला.

आधी त्या भूमीबद्दल थोडं. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. कोल्हापूर जिल्ह्याहून जरा मोठं, साताऱ्याहून जरा लहान. २०१० च्या जनगणनेत तिथली वस्ती ३७ लाख होती. १८९८ मध्ये स्पेनने ते अमेरिकेला दिलं, १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, १९५२ मध्ये त्यांचं स्वतःचं संविधान आलं. तरीही ते अमेरिकेचं राज्य नाही, प्रदेश आहे. बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मत देता येत नाही. त्यांचा एक प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात बसतो, पण कायदा मंजूर होताना सभागृहातल्या अंतिम मतदानात त्याला मत नसतं. म्हणजे या लोकांना दोन कायद्यांच्या छत्राखाली राहावं लागतं, आणि वरचं छत्र धरणाऱ्या हातावर त्यांचा ताबा नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सिनेटने यादी खोडली त्याच्या बरोबर दोन वर्षं आधी, नोव्हेंबर २००९ मध्ये, कागुआस गावचा एक १९ वर्षांचा समलिंगी तरुण मारला गेला. काये भागातल्या डोंगरी रस्त्याच्या कडेला त्याचा देह सापडला. शिर आणि हातपाय तोडलेले होते, आणि देह जाळण्याचा प्रयत्न झालेला होता. त्याचं नाव मी इथे घेत नाही. बातम्यांतून ते जगभर फिरलं, त्याच्या आईने ते धीराने फिरू दिलं, पण आपण त्याच्याविषयी बोलताना त्याच्या मृत्यूच्या वर्णनापुरताच तो उरावा असं मला वाटत नाही.

त्या खुनाच्या तपासावर असलेला एक पोलीस अधिकारी दूरचित्रवाणीवर बोलला. असलं आयुष्य जगायला आणि रस्त्यावर उतरायला निघालेल्यांना आपलं असं होऊ शकतं हे ठाऊकच असतं, अशा अर्थाचं. संताप उसळला, त्याला त्या तपासातून दूर करण्यात आलं. पण तो एकटा माणूस वाईट होता असं समजून आपण पुढे गेलो तर चुकू. तपास करणाऱ्याच्या मनात मृताचा दोष आधीच ठरलेला असेल, तर पंचनामा कसा लिहिला जातो, साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारला जातो आणि कोणता विचारलाच जात नाही, हे इथे बसलेल्या वकिलांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि मे २०१० मध्ये त्याला ९९ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा कमी पडली असं कोणी म्हणणार नाही. तरीही प्रश्न उरतोच की, तो मुलगा कशामुळे मारला गेला हे राज्याने आपल्या तोंडाने म्हणायचं की नाही?

द्वेषगुन्ह्याच्या कायद्याचं काम हेच असतं. खून हा खूनच असतो, मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते कशाला शोधायचं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. आपल्या फौजदारी कायद्यात आपण मनात काय होतं तेच सतत शोधत असतो. खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यातला फरक दुसरा कसला आहे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९३ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्याचा प्रश्न आला. बळी निवडताना त्याचा वंश पाहिला असेल तर जास्त शिक्षा देणं हे विचारस्वातंत्र्यावर घाला घालणं आहे का? न्यायालयाने एकमताने नाही म्हटलं. विचार करायला माणूस मोकळाच आहे, त्या विचाराने बळी निवडला तर मात्र कायदा ते पाहील. मला त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. अशा गुन्ह्याला नेहमी दोन श्रोते असतात. एक, ज्याच्यावर वार झाला तो. दुसरे, त्याच्यासारखे सगळे, ज्यांना दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने घरी जायचं असतं. धमकी त्यांनाही पोचलेली असते. राज्याने केवळ पहिल्याचा हिशेब केला, तर दुसऱ्यांना पोचलेली धमकी तशीच उभी राहते.

आता सिनेटच्या बाजूने जे युक्तिवाद होऊ शकतात, त्यांतला सगळ्यात वजनदार घेतो. कायदा २००२ पासून आहे, पण वापरला कोण? हे खरंच होतं. २००९ च्या त्या खुनापर्यंत लैंगिक कल किंवा लिंगओळख या कारणांसाठी ते कलम एकाही खटल्यात लागू झालेलं नव्हतं. मग पुस्तकात पडून राहिलेली तरतूद काढली तर कोणाचं काय बिघडतं?

याचं उत्तर पोर्तो रिकोच्याच इतिहासात आहे, आणि तो इतिहास मला फार बोलका वाटतो. तिथल्या १९७४ च्या दंडसंहितेत १०३ क्रमांकाचं कलम होतं. आपल्या भारतीय दंड संहितेतल्या ३७७ व्या कलमाचा सख्खा भाऊ. समलिंगी संबंध हा गुन्हा, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. १९९० च्या दशकात मार्गारिटा सांचेस नावाच्या एका धर्मोपदेशक बाई विधिमंडळाच्या समितीपुढे समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध साक्ष द्यायला गेल्या. त्या स्वतः समलिंगी असल्याचं सांगत होत्या. साक्ष चालू असताना एका सदस्याने त्यांना या कलमाची आठवण करून दिली. तुमच्यावर खटला भरता येईल, याची जाणीव करून दिली. पुढे त्यांनी आणि इतरांनी कलम १०३ ला न्यायालयात आव्हान दिलं. २००२ मध्ये पोर्तो रिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकून घ्यायला नकार दिला. कारण काय? या कलमाखाली तुमच्यावर खटला होण्याची खरीखुरी भीती दिसत नाही, म्हणून तुमची तक्रार ग्राह्य नाही.

म्हणजे ज्या बाईंना विधिमंडळात बसून त्या कलमाचा धाक दाखवला गेला, त्यांना न्यायालय सांगत होतं की हे कलम वापरात नाही, तुमचं नुकसान झालेलं नाही. आणि त्याच २००२ मध्ये त्याच बेटावर द्वेषगुन्ह्यांच्या यादीत लैंगिक कल आला. एकाच पुस्तकात एक कलम त्यांना गुन्हेगार म्हणत होतं, दुसरं त्यांचं संरक्षण करत होतं, आणि दोन्ही कलमं कोणी वापरत नव्हतं. दोन्ही निष्प्रभ होती असं म्हणता येईल का? पहिल्याने त्या साक्षीच्या खोलीत आपलं काम केलंच की. एकही अटक न करता केलं. मग दुसऱ्याचं काम मोजायला आपण शिक्षा झालेल्या खटल्यांचा आकडाच का मागतो?

आपल्याकडेही हा आकडा मागितला गेला होता. ११ डिसेंबर २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कौशल निकालात ३७७ पुन्हा उभं केलं, तेव्हा एक कारण असं दिलं होतं की गेल्या दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशेहून कमी लोकांवर खटले चालले. इतक्या थोड्या लोकांसाठी कलम घटनाबाह्य कसं ठरवायचं? पुण्या-मुंबईत समलिंगी पुरुषांबरोबर काम केलेल्या कोणालाही विचारा. पार्कात, स्टेशनवर, लॉजच्या खोलीत ३७७ चं नाव घेऊन किती पैसे उकळले गेले, किती मुलांच्या घरी फोन जाण्याच्या धमक्या दिल्या गेल्या, याची त्या दोनशेत गणती नव्हती. कायदा त्या पैसे उकळणाऱ्याच्या खिशात होता. न्यायालयाच्या नोंदवहीत तो कुठेच दिसणार नव्हता.

हेच संरक्षण देणाऱ्या कायद्यालाही लागू पडतं. ज्याला ठाण्यात जाऊन तक्रार द्यायची आहे, त्याच्या हातात एक आधार असतो. सरकारी वकिलाला आरोपपत्रात काही लिहायला जागा असते. वृत्तपत्राच्या बातमीदाराला प्रश्न विचारायला कारण असतं की, अहो, कलम आहे, मग लावलं का नाही? पोर्तो रिकोत २००९ नंतर हाच प्रश्न सतत विचारला जात होता. पेद्रो हुलिओ सेरानो आणि त्यांच्यासारखे कार्यकर्ते प्रत्येक खुनानंतर विचारत होते. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने पोर्तो रिकोच्या पोलिसांवर मोठा अहवाल काढला. अतिरेकी बळाचा वापर, आणि लैंगिक अत्याचार व घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींची नीट चौकशी न होणं, यांवर त्यात कडक ठपका होता. असा अहवाल हातात असताना सरकारने काय करायचं असतं? पोलिसांना शिकवायचं असतं, सरकारी वकिलांकडून जाब घ्यायचा असतो. दोन महिन्यांत सिनेटने जे केलं त्याने तो प्रश्नच विचारता येऊ नये अशी सोय झाली असती.

दुसरा युक्तिवाद लवकर आटोपतो. कायद्यापुढे सगळे समान, मग विशिष्ट समूहांची यादी कशाला? सिनेटने पूर्ण यादीच काढून टाकली असती, तर या युक्तिवादाशी मी आदराने वाद घातला असता. पण राजकीय मतं ठेवली, वय ठेवलं, अपंगत्व ठेवलं. म्हणजे यादी हवी होतीच, ती माणसं नको होती. पोर्तो रिकोच्या प्रतिनिधिगृहातले विरोधी पक्षाचे नेते एक्तोर फेरेर यांनी तेव्हा या बदलावर उघड टीका केली. हल्ले ज्यांच्यावर होतात त्यांचीच नावं गळणार असतील, तर कायदा करून उपयोग काय, असा त्यांच्या आणि अनेकांच्या बोलण्याचा रोख होता.

आणि आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे तिथे येतो. एखाद्या कायद्यात एखादा समूह कधी नव्हताच, आणि आधी होता पण काढला, या दोन गोष्टी कायद्याच्या पुस्तकात सारख्याच दिसतात. दोन्हीकडे कोरी जागा. माणसांच्या आयुष्यात त्या सारख्या नसतात.

भारतात आपण हे अनुभवलं आहे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ चा दंश काढला. त्यानंतरच्या चार-साडेचार वर्षांत किती मुलामुलींनी घरी सांगितलं, कचेरीत सांगितलं, वर्तमानपत्रात नावानिशी मुलाखती दिल्या. बिंदुमाधव खिरे यांच्यासारखे लोक पुण्यात आधीपासून काम करत होते, त्यांच्या कामाला वेग आला. मग डिसेंबर २०१३ ला निकाल फिरला. २००९ च्या आधी ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं त्यांना लपून राहता येत होतं. २०१३ मध्ये तीच माणसं उजेडात उभी होती. नाव, फोटो, पत्ता सगळ्यांना माहीत, आणि कायदा पुन्हा विरुद्ध. राज्याने आधी या म्हटलं, आणि ती आल्यावर दार लावून घेतलं. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर निकालाने ते पुन्हा उघडलं, पण मधली पाच वर्षं ज्यांनी काढली त्यांना ती कोणी परत दिली नाहीत.

पोर्तो रिकोत ही खाडाखोड पूर्ण झाली असती तर तेच झालं असतं. २००२ च्या कायद्याच्या भरवशावर तिथले लोक २००९ च्या खुनानंतर रस्त्यावर उतरले होते, मेणबत्त्या घेऊन, फलक घेऊन, नाव लावून. त्यांना सांगितलं गेलं असतं की तुमच्याविषयीचा द्वेष हा आमच्या लेखी आता गंभीर हेतू नाही. आणि हेच तिसऱ्या एका श्रोत्यानेही ऐकलं असतं, ज्याला हल्ला करायचा आहे त्याने. कायदा वाचून गुन्हा कोणी करत नाही हे मला मान्य आहे. पण विधिमंडळात कोणाला खोडलं जातं आहे, ही बातमी प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचते.

अशाच एका खाडाखोडीचा प्रश्न अमेरिकेत आधीही आला होता. कोलोरॅडो राज्यात १९९२ मध्ये मतदारांनी एक घटनादुरुस्ती मंजूर केली. ॲस्पेन, बोल्डर, डेन्व्हर या शहरांनी समलिंगींना भेदभावापासून दिलेलं संरक्षण तिने रद्द केलं, आणि पुढे कोणी देऊ नये अशीही तजवीज केली. मे १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द ठरवली. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की एका वर्गाविषयीची नुसती अढी हा कायद्याचा वैध हेतू होऊ शकत नाही. पोर्तो रिकोच्या सिनेटला हा निकाल ठाऊक नव्हता असं म्हणता येणार नाही. तो त्याच न्यायव्यवस्थेतला होता.

सुदैवाने ती खाडाखोड टिकली नाही. बेटावरच्या संघटनांनी आणि अमेरिकेतल्या समलिंगी हक्कांच्या संस्थांनी विरोध केला, विधेयक दुसऱ्या सभागृहाकडे गेलं, आणि ३० जुलै २०१२ रोजी राज्यपाल लुइस फोर्तुन्यो यांच्या सहीने जी दंडसंहिता आली तिच्या ६६ व्या कलमात लैंगिक कल आणि लिंगओळख ही दोन्ही पुन्हा होती. धर्म होता, वांशिक मूळ होतं, बेघर असणंही होतं.

तेव्हा काही जण म्हणत होते, आणि आजही म्हणतात, की एवढी चिंता कशाला, वर अमेरिकेचा संघीय कायदा आहेच. अध्यक्ष ओबामा यांनी २८ ऑक्टोबर २००९ रोजी सही केलेला. मॅथ्यू शेपर्ड हा वायोमिंगमधला समलिंगी विद्यार्थी आणि जेम्स बर्ड हा टेक्ससमधला कृष्णवर्णीय, १९९८ मध्ये मारल्या गेलेल्या या दोघांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यावर सही होऊन दोन आठवडे झाले आणि कायेच्या रस्त्यावर तो देह सापडला. सुरुवातीला म्हटलेलं वरचं छत्र ते हेच, आणि ते धरणाऱ्या हातावर बेटाचा ताबा नाही. संघीय कायदा हवाच, पण तो दूर असतो. रात्री तीन वाजता ज्याला मार बसला तो वॉशिंग्टनला फोन करत नाही, जवळच्या चौकीत जातो.

२०२० मध्ये काय झालं ते पाहा. टोआ बाहा गावात एक बेघर पारलिंगी स्त्री एका फास्टफूडच्या दुकानात स्त्रियांच्या स्वच्छतागृहात गेली. कोणीतरी पोलीस बोलावले. तिचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला, त्याबरोबर अफवा फिरल्या. दुसऱ्या दिवशी ती गोळ्या घालून मारलेली सापडली. तिच्यावरच्या हल्ल्याची चित्रफीतही फिरली. सुरुवातीच्या पोलीस माहितीत आणि बातम्यांत तिचा उल्लेख स्कर्ट घातलेला पुरुष असा झाला. तीन-चार दिवसांनी गायक बॅड बनी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गायला आला तेव्हा त्याने स्वतः स्कर्ट घातला होता, आणि मारली गेली ती स्त्री होती, हे सांगणारा मजकूर तिच्या नावासकट त्याच्या शर्टावर छापलेला होता. राज्याने जे आपल्या कागदात लिहायला हवं होतं ते एका गायकाला शर्टावर लिहावं लागलं. पुढे संघीय न्यायालयात तीन तरुणांनी द्वेषगुन्हा कबूल केला. रात्री मोटारीतून तिला शोधून, धमकावून, तिच्यावर रंगाच्या गोळ्यांच्या बंदुकीने हल्ला केल्याबद्दल. खुनाचा आरोप त्यांच्यावर नव्हता.

यादी असूनही ती मारली गेली, हे मी लपवत नाही. कायदा ढाल होऊन गोळीपुढे उभा राहत नाही. अमेरिकेतल्याच काही पारलिंगी कार्यकर्त्यांचा तर द्वेषगुन्ह्यांच्या कायद्यांना विरोध आहे. वाढीव शिक्षेने तुरुंग भरतात, आणि तुरुंगात सर्वांत जास्त मार पारलिंगींनाच बसतो, असं ते म्हणतात. हा आक्षेप मला मनापासून पटतो. ९९ हा आकडा ऐकून मला समाधान वाटत नाही. मला तपास हवा आहे, नोंद हवी आहे, हेतू उघड्या कोर्टात मांडला जायला हवा आहे. शिक्षेची लांबी दुय्यम. पण या आक्षेपाचा आधार घेऊन एखाद्या विधिमंडळाने यादीतली निवडक नावं काढावीत आणि बाकीच्यांसाठी वाढीव शिक्षा तशीच ठेवावी, हे त्या कार्यकर्त्यांनीही कधी मागितलेलं नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारण्यात आलं. खटला उभा राहिला, आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटी कायदा ना सत्र न्यायालयात टिकला, ना २०१० मध्ये नागपूर खंडपीठापुढे. शिक्षा झाली, कारणाचं नाव घेतलं गेलं नाही. दलित समाजाला तेव्हा जे लागलं ते केवळ शिक्षेच्या मापाविषयी नव्हतं. ते कशासाठी मारले गेले हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि निकालपत्रात नव्हतं.

मग सर्वोच्च न्यायालयाचा २० मार्च २०१८ चा निकाल. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका प्रकरणावरून तो निघाला होता, म्हणजे अगदी आपल्या अंगणातून. ॲट्रॉसिटीच्या तक्रारीवर अटकेआधी परवानगी आणि प्राथमिक चौकशी अशा अटी न्यायालयाने घातल्या. कारण दिलं गैरवापराचं. पोर्तो रिकोत म्हणत होते वापरच होत नाही, इथे म्हणाले गैरवापर होतो, पण कात्री एकाच ठिकाणी चालली. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ हे कलम घालून कायदा पूर्ववत केला, २०१९ मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले, फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. ज्यांचं संरक्षण जात होतं ते लोक संख्येने मोठे होते, संघटित होते, म्हणून ते पाच महिन्यांत परत आलं. जे थोडे आहेत, विखुरलेले आहेत, ज्यांच्यातल्या अनेकांना घरच्यांनीच बाहेर काढलं आहे, त्यांनी कोणता बंद करायचा?

आता आपली स्वतःची नवी दंडसंहिता. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तीतून ३७७ पूर्णपणे गेलं. संमतीने होणाऱ्या संबंधांपुरतं ते २०१८ मध्येच गेलं होतं. पण पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर जबरदस्ती झाली तर फिर्याद देण्यासाठी त्याचा उरलेला भाग वापरला जात होता. तोही गेला. बलात्काराचं नवं कलम पूर्वीसारखंच फक्त स्त्रीवर पुरुषाने केलेल्या अत्याचाराचं आहे. संसदेच्या गृह खात्याच्या स्थायी समितीने नोव्हेंबर २०२३ च्या अहवालात याकडे स्पष्ट बोट दाखवलं होतं, बिनसंमतीच्या कृत्यांपुरती तरतूद ठेवा म्हणून. ती ठेवली गेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला यावर सहा महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संसदेचं काम असल्याचं सांगून दुसरी याचिका ऐकली नाही. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींसाठीच्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली आहे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते कायदा लिहिणाऱ्यांनी ठरवून घातलं की कोणाच्या लक्षात आलं नाही, मला सांगता येणार नाही. सोलापूरच्या किंवा नांदेडच्या तृतीयपंथी व्यक्तीला त्याने काही फरक पडत नाही.

पोर्तो रिकोत आणि आपल्याकडे, दोन्हीकडे पद्धत तीच दिसते. पूर्ण संहिता नव्याने लिहायला घेतली की चर्चा मोठ्या गोष्टींची होते. राजद्रोह, दहशतवाद, रिमांडचे दिवस. एक ओळ, दोन शब्द कोण पाहतो? पोर्तो रिकोत ते पाहणारे लोक सिनेटच्या मतदानानंतर का होईना, जागेवर होते.

आणि आपल्या नव्या संहितेत एक यादी आहे, तिच्याकडे मला आजच्या सभेचं लक्ष वेधायचं आहे. कलम १०३ चं दुसरं पोटकलम, झुंडीने केलेल्या खुनाचं. पाच किंवा अधिक लोकांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. गंभीर दुखापतीसाठी कलम ११७ मध्ये तशीच यादी आहे. लैंगिक कल हे शब्द यादीत नाहीत. पण लिंग आहे. नवतेज निकालात सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या कलमातला लिंग हा शब्द लैंगिक कलाला सामावून घेतो असं म्हटलं आहे. २०१४ च्या नालसा निकालात पारलिंगी ओळखीबाबत तेच म्हटलं आहे. शिवाय संहितेच्या व्याख्येच्या कलमात पारलिंगी व्यक्तींचा उल्लेख आहे, आणि तत्सम कारण हे शब्द आहेतच. म्हणजे दार अर्धं उघडं आहे. त्यातून आत जायचं की नाही हे दिल्लीत ठरणार नाही. ज्या दिवशी एखाद्या तालुक्यात मुलं पळवणारी टोळी समजून तृतीयपंथीयांना जमाव घेरेल, किंवा दोन मुलांना एकत्र पाहून गावातली पाच-सहा पोरं त्यांच्या अंगावर जातील, त्या दिवशी ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेताना साधी मारहाण लिहील की यांपैकी लागू पडणारं पोटकलम लावेल, यावर ते ठरेल. या सभागृहात सरकारी वकील आहेत, फौजदारी वकिली करणारे आहेत, निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, उद्या सनद घेणारे विद्यार्थी आहेत. असं प्रकरण आपल्या जिल्ह्यात आलं तर ते पोटकलम लागावं म्हणून अर्ज द्या, नाकारलं तर लेखी कारण मागा, आणि ते कारण वरच्या न्यायालयात न्या. स्थायी समितीच्या त्या शिफारशीसाठी जिल्हा वकील संघाने ठराव करून आपल्या खासदारांना पाठवावा, एवढी माझी या व्यासपीठावरून विनंती आहे. त्या ठरावाचा मसुदा मी सोबत आणला आहे, आणि तो आयोजकांकडे देतो.